स्टिअरिंग जैसे थे

अण्णांच्या गाडीचा रेडिओ बदलायचा, एवढंच जावईबापूंनी ठरवलं होतं. काम तासाभराचं. पाच स्क्रू काढायचे, जुनी डबी काढायची, नवी बसवायची, पाच स्क्रू लावायचे. पुढे या कामाला सात आठवडे लागले, त्यात एक सरकारी कचेरी, एक सोसायटी आणि एका सज्जन माणसाचा घोटा गुंतला, आणि शेवटी पाचातले दोन स्क्रू कुठे गेले ते आजतागायत कळलेलं नाही.

गाडीबद्दल गैरसमज नको. ही रस्त्यावरची गाडी नव्हे. हातभर लांबीची, लाल रंगाची, रिमोटवर चालणारी गाडी. रेडिओ म्हणजेही गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. रिमोटने सोडलेला हुकूम हवेतून झेलून चाकांपर्यंत पोचवणारी काड्यापेटीएवढी डबी. आणि अण्णा म्हणजे जावईबापूंचे सासरे. त्यांनी चाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं आणि निम्म्या गावाला गाडी शिकवली. स्कूलच्या मागच्या खोलीत फरशीवर दोन खुर्च्या ठेवून, त्यांच्या मधे मागे मागे येत गाडी कशी लावायची, हे ते आधी या लाल गाडीने दाखवायचे. ते समजलं तरच शिकाऊ माणसाला खऱ्या गाडीत बसायची परवानगी मिळायची.

चार महिन्यांपूर्वी अण्णांना झटका आला. सौम्यच होता, पण उजव्या हाताची पकड गेली. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं, तेव्हा अण्णांनी हुज्जत घातली नाही. खिशातून लायसन काढलं, मुलीच्या हातात दिलं आणि ते मुलीकडे राहायला आले. त्यानंतर त्यांचं बोलणं ‘हो’, ‘नको’ आणि ‘असू दे’ या तीन शब्दांवर आलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई एक दिवस जिन्यात थांबून म्हणाल्या, “हात सुधारेल हो, पण त्यांचंच मन लागत नाहीये. आत्ता नाही हलवला तर पुढे मला काही करता येणार नाही.” हे ऐकून बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, “अहो, तुम्ही काहीतरी करा ना.”

आता जावईबापू म्हणजे कोणी करते-सवरते गृहस्थ नव्हेत. ते नळखात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून होते. अण्णा त्यांना ‘जावईबापू’ म्हणायचे, ते ऐकून सगळी बिल्डिंग म्हणायला लागली, आणि आता तर खुद्द त्यांचे साहेबही तसंच म्हणत. पण बायकोने असं आपण होऊन काही करायला सांगण्याचा प्रसंग बावीस वर्षांत फारसा आलेला नव्हता. त्यांनी माळ्यावर चढून अण्णांचं सामान उपसलं आणि त्यात ही लाल गाडी सापडली. अण्णांच्या हातात पुन्हा एक गाडी द्यायची, असं त्यांच्या मनाने घेतलं.

गाडी चालते का हे पाहण्यासाठी त्यांनी ती जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत ठेवली. रिमोटला दोन दांड्या होत्या. डावी गतीची, उजवी वळणाची, आणि वर हातभर लांब ओढून काढायची एरियल. डाव्या दांडीला त्यांनी नुसता अंगठा टेकवला आणि गाडी जी सुटली ती थांबेचना. नेमके त्याच वेळी तारमास्तर दूध घेऊन जिन्यातून वर येत होते. तारमास्तर शेजारच्या घरात राहायचे; तारखात्यातून निवृत्त झाले होते, पण तारखातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. गाडी त्यांच्या घोट्यावर आदळली. दूध सांडलं. तारमास्तरांनी एका पायावर उभं राहून, दुसरा पाय हातात धरून निदान केलं.

“एरियल कमी पडतेय,” ते म्हणाले.

“घोटा फार दुखावला का?”

“घोट्याचं सोडा हो! मी सांगतो ऐका. उंची वाढवा. हवेतला संदेश उंची मागतो.”

त्यांच्या आग्रहाखातर एरियलला कपडे वाळत घालायची काठी बांधून झाली. त्याने गाडीत काडीचा फरक पडला नाही, फक्त जिन्यातल्या दिव्याचा बल्ब फुटला. शेवटी जावईबापू बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने रिमोट उघडला, एक फुंकर मारली आणि बंद केला. “वळणाची बाजू ठणठणीत आहे. गतीची दांडी आतून झिजलीय. हा भाग आता मिळत नाही. सगळा रेडिओच नवा घ्या, काका. नव्याला ही एवढी मोठी एरियल पण लागत नाही.” जावईबापूंना ‘काका’ फारसं आवडलं नाही, कारण दुरुस्तीवाल्याच्याही डोक्यावर केस नव्हते, पण सल्ला पटला. त्यांनी परगावाहून नवा संच मागवला. त्यातल्या त्यात ज्या रिमोटचा दाब सगळ्यात हलका असेल तो, कारण अण्णांच्या हाताला जड काही नको.

संच आला तो घरी आला नाही. पार्सल कचेरीत अडकला. पाकिटावर ‘रेडिओ उपकरण’ असं छापलेलं होतं, आणि रेडिओ उपकरणाला फॉर्म भरावा लागतो. जावईबापू उलट खूश झाले. फॉर्म ही त्यांची जन्माची ओळख. गेली तीस वर्षं ते खिडकीच्या आतल्या बाजूने लोकांना फॉर्म परत करत आले होते. पण खिडकीच्या बाहेरची हवा वेगळी असते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

‘उपकरणाचा उपयोग’ या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘हवेतून संदेश पाठवणे’. खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला.

“संदेश पाठवणार? मग परवाना लागेल.”

“नाही, नाही. खेळणं आहे हो ते.”

“मग खेळण्याचा फॉर्म घ्या. हा बाद.”

खेळण्याच्या फॉर्ममध्ये ‘वापरणाऱ्याचे वय’ असा रकाना होता. जावईबापूंनी लिहिलं, चौऱ्याहत्तर. बाईंनी या वेळी चष्मा काढूनच ठेवला. “खेळणं म्हणजे चौदाच्या आत. त्यावर गेलं की उपकरण.”

“मग उपकरणाचा फॉर्म द्या.”

“उपकरणाला परवाना लागतो.”

“अहो, पण ते खेळणं आहे!”

मागे रांगेत कोणीतरी हसलं. अशा फेऱ्या तीन झाल्या. तिसऱ्या फेरीला बाईंनी फॉर्म परत सरकवत म्हटलं, “अर्ज विहित नमुन्यात नाही.” हे वाक्य जावईबापूंचं होतं. हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना, इतक्या शांतपणे ऐकवलं होतं की ते आपल्या मालकीचं आहे असंच त्यांना वाटत असे. आज ते छातीत बाणासारखं घुसलं. त्या सगळ्या लोकांची त्यांना एकदम आठवण झाली आणि मनातल्या मनात त्यांनी त्यांची माफी मागितली. मग सगळा मानापमान गुंडाळून ठेवून खिडकीशी वाकून ते म्हणाले, “बाई, माझे सासरे आहेत. त्यांनी चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. आता त्यांचा हात गेलाय. ते बोलत नाहीत. त्यांच्यासाठी आहे हो. खेळणं म्हणा, उपकरण म्हणा, तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.”

बाई थांबल्या. “अण्णांचे जावई तुम्ही? ड्रायव्हिंग स्कूलच्या?”

“हो.”

“मला त्यांनीच शिकवलंय. चढावर माझी गाडी मागे घसरायची. मी रडायचे. ते म्हणायचे, रडा, पण ब्रेकवरचा पाय काढू नका.” बाईंनी ड्रॉवर उघडला, आतून पिवळा फॉर्म काढला. “हा घ्या. ‘शैक्षणिक साहित्य’. याला वय लागत नाही, परवाना लागत नाही. आधीच सांगायचं नाही का? आणि अण्णांना सांगा, आता चढावर गाडी घसरत नाही माझी.”

पार्सल छातीशी धरून जावईबापू बाहेर पडले तेव्हा त्यांना त्या बाईंचे पाय धरावेसे वाटत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा चुकीचा अर्ज परत न करता स्वतः बसून भरून दिला. साहेबांनी तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

आता बसवण्याचं काम. अण्णा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असत, म्हणून ते सगळं गॅलरीत, गुपचूप चाललं होतं. गुपचूप म्हणजे बायको, तारमास्तर आणि तारमास्तरांच्या घरी आलेले दोन पाहुणे यांच्या देखत. पहिल्या प्रयत्नात जावईबापूंनी वायर उलटी जोडली. पुढे जा म्हटलं की गाडी मागे जाई. मागे जाता जाता ती टेबलावरून भिजवलेल्या कपड्यांच्या बादलीत पडली आणि तिला आठवडाभर उन्हात वाळवावं लागलं. तारमास्तरांचं मत अजूनही एरियलच्याच बाजूने होतं. बायको म्हणाली, “अहो, सोबत पुस्तिका आलीय, ती वाचा की.” पुस्तिका वाचणं हा जावईबापूंच्या मते पराभव होता, पण तोही त्यांनी पत्करला. त्यात लिहिल्याप्रमाणे बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला, स्थिर झाला, आणि गाडी शहाण्यासारखी पुढे गेली, शहाण्यासारखी थांबली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

राहिलं वळण. वळणाच्या जुन्या वायरचं टोक नव्या डबीत बसेना, दोन्हींचे आकार वेगळे. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, “कापा आणि नवं टोक जोडा, काका.” जावईबापूंनी कात्री उचलली आणि त्यांचा हात थबकला. रेकॉर्ड रूमचा एक नियम त्यांच्या रक्तात भिनलेला होता: नवा कागद मंजूर झाल्याशिवाय जुना रद्द करायचा नाही. दुरुस्तीवाल्यानेच म्हटलं होतं, वळणाची बाजू ठणठणीत आहे. जे नीट चाललंय त्याला कात्री कशी लावायची? आणि मंजुरी कोण देणार? गाडीचे मालक, म्हणजे अण्णा. त्यांनी आधी पाहावं, बरं म्हणावं, मग कापू. तोवर जुनी डबी, जुनी बॅटरी आणि जुना रिमोट आपापल्या जागी राहतील. त्यांनी चिठ्ठी लिहून गाडीच्या पोटाला चिकटवली: ‘गती: नवीन. स्टिअरिंग: जैसे थे.’ अशा रीतीने जगात बहुधा पहिल्यांदाच एका गाडीला दोन रिमोट झाले. डाव्या हातात नवा धरायचा, जुना टेबलावर ठेवून उजव्या अंगठ्याने वळवायचं. गॅलरीत तेवढ्यापुरतं जमत होतं.

खाली पार्किंगमध्ये गाडी चालवायला सोसायटीच्या चेअरमनसाहेबांची परवानगी हवी होती. ते नियमाचे पक्के. आवारात कुठलंही वाहन आणायचं तर त्याला स्टिकर हवा. त्यांनी स्टिकर दिला. तो पुढच्या काचेवर लावायचा असतो. इथे स्टिकर लावल्यावर गाडीची काच, बॉनेट आणि एक चाक दिसेनासं झालं. शेवटी तो मागच्या बाजूला अर्धा दुमडून लावण्याची तोंडी सवलत मिळाली, आणि त्याबद्दल जावईबापूंनी त्यांचे तीनदा आभार मानले.

रविवारी सकाळी अण्णांना खाली आणण्यात आलं. “थोडं उन्हात बसा, बाबा,” मुलगी म्हणाली. “असू दे,” अण्णा म्हणाले, पण आले. पार्किंगमध्ये खुर्ची मांडलेली होती. एका खांबाआड तारमास्तर उभे, दुसऱ्या खांबाआड चेअरमनसाहेब. जावईबापूंनी लाल गाडी पुढ्यात ठेवली. अण्णांनी ती ओळखली. ते पुढे वाकले.

“अण्णा, नवा रेडिओ बसवलाय,” जावईबापू म्हणाले आणि नवा रिमोट त्यांच्या हातात दिला.

नवा रिमोट पिस्तुलासारखा होता. डाव्या हाताने मूठ धरायची, त्याच हाताच्या बोटाने घोडा दाबला की गाडी पुढे, उलट ढकलला की ब्रेक, आणि तसाच धरून ठेवला की गाडी मागे. आणि उजव्या अंगाला लिंबाएवढं चाक. ते उजव्या हाताने फिरवायचं.

अण्णांनी डाव्या हाताने मूठ धरली. त्या चाकाकडे पाहिलं. मांडीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात थोडा उचलला गेला आणि परत मांडीवर पडला.

सात आठवडे! सात आठवडे जावईबापूंनी दाब हलका हवा, घोडा मऊ हवा, वायर सुलटी हवी, स्टिकर दुमडलेला हवा याचा विचार केला, आणि ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं चाललं होतं तीच विसरले. ज्या माणसाचा उजवा हात चालत नाही त्याला त्यांनी चार माणसं जमवून उजव्या हाताची वस्तू भेट दिली होती. मागे बायकोने तोंडाला पदर लावला. धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण पार्किंगची फरशी पक्की होती.

ही कोंडी तारमास्तरांनी फोडली, अर्थात नकळत. त्यांना धीर धरवेना. त्यांनी पुढे येऊन ते चाक स्वतःच फिरवलं. गाडी ढिम्म. “हे फिरत का नाही हो? मी म्हणत होतो, एरियल—”

“त्याचा उपयोग नाही,” जावईबापू पडेल आवाजात म्हणाले. “वळण अजून जुन्या रिमोटवर आहे. म्हटलं, अण्णांनी मंजूर केल्यावर बदलू.” त्यांनी पिशवीतून जुना रिमोट काढून दाखवला. “गती तेवढी नव्यावर आहे.”

चेअरमनसाहेब खांबाआडून हसले. तारमास्तर हसले. जावईबापूही, दुसरं काहीच हातात नसल्यामुळे, हसले. अण्णा हसले नाहीत. ते एकदा जुन्या रिमोटकडे आणि एकदा हातातल्या नव्याकडे बघत राहिले. मग झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी एक अख्खं वाक्य उच्चारलं.

“म्हणजे ब्रेक माझ्याकडे आणि स्टिअरिंग तुमच्याकडे?”

“हो, अण्णा.”

“मग उभे काय राहिलात? बसा.”

कोणीतरी खुर्ची सरकवली. जावईबापू अण्णांच्या शेजारी बसले. बावीस वर्षांपूर्वीही ते असेच बसले होते. तेव्हा ते तिशी उलटलेले, दोनदा परीक्षेत नापास झालेले, भोंगा ऐकला तरी घाम फुटणारे गृहस्थ होते. अण्णा रोज सकाळी साडेसहाला त्यांना घेऊन निघायचे. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि अण्णांचा पाय त्या ब्रेकवर आणि हात मांडीवर असायचा. पुढे एका दुपारी बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा जावईबापूंनीच तीच गाडी चालवत तिला दवाखान्यात नेलं. अण्णा शेजारी होते. दवाखान्याच्या दारात उतरताना जावईबापूंनी पाहिलं होतं, की अण्णांनी दोन्ही पाय मुद्दाम मागे, सीटखाली घेतले होते. या माणसाचे आभार मानायचे, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं होतं. पण सासरे-जावयांत अशी भाषा नसते, आणि ते राहून गेलं.

“आरसा बघितला?” अण्णांनी विचारलं.

“या गाडीला आरसा नाही, अण्णा.”

“सवय असावी. चला. हळू डावीकडे.”

अण्णांच्या बोटाने घोडा दाबला. गाडी निघाली. जावईबापूंनी अंगठ्याने दांडी डावीकडे नेली. गाडी खांबाला वळसा घालून गेली, चेअरमनसाहेबांच्या बुटांसमोर थांबली, मागे आली. अण्णांचा आवाज वाढत चालला. “उजवीकडे! तुमच्या उजवीकडे नव्हे, गाडीच्या! तोंड आपल्याकडे आहे ना तिचं? आता सरळ करा. घाई कशाची? मी आहे ना ब्रेकवर.” वरच्या गॅलऱ्यांतून लोक डोकावायला लागले. तारमास्तरांनी दोन विटा आणून उभ्या केल्या आणि त्यांच्या मधून गाडी मागे आणायचा हुकूम झाला. जावईबापूंनी तीनदा वीट पाडली. तिसऱ्यांदा अण्णांनी डाव्या हातातला नवा रिमोट तसाच मांडीवर टेकवला, वाकून आपला उजवा हात जावईबापूंच्या अंगठ्यावर ठेवला आणि किती वळवायचं ते दाखवायला लागले. बोटं मिटत नव्हती, पण दांडी हलत होती. चौथ्यांदा गाडी दोन विटांच्या मधे जाऊन बसली.

बायको आता उघड उघड रडत होती. “जेवायचं नाही का?” एवढंच ती म्हणाली, आणि त्यावर अण्णांनी, “थांब गं, अजून यांचं वळण कच्चं आहे,” असं चक्क उत्तर दिलं.

गाडी पुन्हा सुटली. पुन्हा राहून जायला नको, असं वाटून जावईबापू अण्णांकडे वळले.

“अण्णा, तुम्ही तेव्हा मला शिकवलंत म्हणून... म्हणजे त्या दिवशी दवाखान्यात... मी तुम्हाला कधी बोललो नाही, पण—”

“नंतर,” अण्णा म्हणाले. त्यांची नजर गाडीवर होती. “आधी समोर बघा.”

जावईबापूंनी समोर पाहिलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांना काहीच दिसत नव्हतं. गाडी भरधाव भिंतीकडे गेली आणि भिंतीच्या चार बोटं अलीकडे थांबली.